छेदस्थानी माणूस हवा

शहरी वाहतुकीतील ऊर्जेची कार्यक्षमता कशी मोजावी, हा विषय आपल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरांत सहसा निघत नाही. तो अभियंत्यांचा, फार तर महानगरपालिकेच्या लेखापालाचा विषय आहे असे मानून आपण भाडेवाढीविरुद्ध मोर्चा काढतो, थकलेल्या पगारासाठी परिवहन कामगारांबरोबर धरणे धरतो आणि घरी परततो. मोर्चा आणि धरणे आवश्यकच आहेत. परंतु ज्या मापाच्या आधारे बसचा मार्ग बंद होतो, चालकावर ठपका येतो आणि कंत्राटदाराचे बिल मंजूर होते, ते माप आपण कधी हातात घेऊन पाहिलेले नाही. माप ज्याच्या हाती, निवाडाही त्याच्याच हाती, हे मंडईत बसणाऱ्या भाजीवालीला कळते. ते समाजवादी कार्यकर्त्याला कळू नये, हे बरे लक्षण नव्हे.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकसंख्या नोंदलेले हे शहर. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या धावत्या गाड्या गेल्या दोन दशकांत कशा आटत गेल्या आणि केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानातून आलेल्या गाड्यांपैकी कित्येक सांगाड्याला तडे गेल्यामुळे आगारात कशा उभ्या राहिल्या, हे सातरस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. याच काळात शहराला ‘स्मार्ट’ म्हणवून घेण्याचा मान मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने निवडलेल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर नववे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली, आणि जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान उडाले. म्हणजे सोलापुरातून बाहेर पडण्याची सोय वाढत गेली. सोलापुरातल्या सोलापुरात, पूर्व भागातून जुळे सोलापूरला जाण्याची सोय मात्र घटत गेली. हे योगायोगाने घडलेले नाही. कार्यक्षमता म्हणजे काय, याविषयीची एक विशिष्ट समजूत त्यामागे आहे, आणि ती समजूत वर्गनिरपेक्ष नाही.

रिकाम्या गाडीला पारितोषिक

१९७३ साली तेल-उत्पादक देशांनी किमती वाढवल्या आणि काही महिन्यांत खनिज तेल चौपट महाग झाले, तेव्हापासून आपल्या देशात इंधन-बचतीचा घोष सुरू झाला. तो योग्यच होता. परंतु बचत मोजण्यासाठी जे माप सर्वत्र रूढ झाले, ते होते एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते हे. आपल्या एस.टी.त तर दहा लिटरमागे किती किलोमीटर, म्हणजे ‘केपीटीएल’, हा शब्द चालकांच्या बोलण्यातही रुळलेला आहे. दुचाकीवाला याच मापाला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. परिवहन उपक्रमांना इंधन-कार्यक्षमतेची पारितोषिके याच मापावर दिली जातात, आणि चालकांना समजपत्रेही याच मापावर.

हे माप गाडीचे इंजिन तपासायला उपयोगी आहे. वाहतूक तपासायला ते निरुपयोगी आहे. कारण लिटरमागे किलोमीटर मोजताना गाडीत माणसे किती होती, हा प्रश्नच विचारला जात नाही. हिशेबापुरती दोन बसगाड्या समोर ठेवू. एकीत दहा प्रवासी आहेत आणि ती लिटरला ४.२ किलोमीटर जाते. दुसरीत पन्नास प्रवासी आहेत. वजन अधिक, थांबे अधिक, म्हणून ती लिटरला ३.६ किलोमीटरच जाते. रूढ मापाने पहिली बस सतरा टक्क्यांनी सरस ठरते. आता माणसांना हिशेबात घ्या. पहिल्या बसने एका लिटरमध्ये ४२ प्रवासी-किलोमीटर काम केले, दुसरीने १८०. म्हणजे जिला आपण नापास केले, ती चौपटीहून अधिक कार्यक्षम आहे. रूढ मापाच्या दृष्टीने आदर्श बस कोणती? जी रिकामी धावते, कोठेही थांबत नाही आणि कोणालाही घेत नाही, ती.

ही अतिशयोक्ती नव्हे. थांब्यावर थांबण्याचा खर्च काढून पाहा. भरलेली बस साधारण बारा टन वजनाची धरली आणि ती ताशी तीस किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन नाहीशी होणारी गतिज ऊर्जा पुन्हा मिळवायला साधारण ३५ मिलिलिटर डिझेल लागते. एवढीच एका थांब्याची किंमत. जो चालक हात दाखवणाऱ्या म्हातारीसाठी थांबतो, त्याच्या नावावर हे ३५ मिलिलिटर पडतात. जो तिला मागे टाकून पुढे जातो, त्याचे ‘केपीटीएल’ सुधारते. परंतु लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल तेवढ्याच इंधनात पावणेदोन किलोमीटर जाते. म्हणजे त्या थांब्यावर एकच माणूस आपली दुचाकी घरी ठेवून बसमध्ये चढला आणि दोन किलोमीटर पुढे गेला, तरी थांब्याचा खर्च शहराला भरून मिळाला. चालकाच्या नोंदवहीत जी उधळपट्टी, ती शहराच्या हिशेबात बचत असते. असे असता चालकाला दोषी धरणारे माप कोणाच्या सोयीचे आहे? जुनाट गाडी, संपलेले सुटे भाग आणि खड्ड्यांचा रस्ता यांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या सोयीचे.

रिकामेपण कोण घडवतो?

यावर व्यवस्थापनाचे आणि त्याला सल्ला देणाऱ्या कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, प्रवासी मोजायचे म्हणता ना? मग मोजू. दहा प्रवाशांची बस लिटरला ४२ प्रवासी-किलोमीटर देते आणि एकट्या स्वाराची मोटारसायकल ५०. तुमच्याच मापाने तुमची बस हरली. ती बंद करा.

हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण त्यातील आकडा खरा आहे. वर घेतलेल्या गृहीतांवर बारा प्रवाशांच्या खाली बस ऊर्जेच्या दृष्टीने दुचाकीपेक्षा सरस राहत नाही. बस ही सार्वजनिक मालकीची आहे एवढ्याने ती आपोआप कार्यक्षम होत नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सरासरी आणि सीमांत यांतील भेद शिकवला जातो, आणि तो या सल्लागारांना आठवत नाही. दहा प्रवाशांची बस निघालेलीच आहे. अकरावा प्रवासी चढल्याने तिचे इंधन नगण्य वाढते. तोच अकरावा माणूस दुचाकीवर गेला तर त्याचे सगळे इंधन नव्याने जळते. तेव्हा खरा प्रश्न, बस रिकामी आहे म्हणून बंद करावी काय, हा नसून ती रिकामी का आहे, हा आहे.

याचे उत्तर हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली शहरी बससेवेच्या अभ्यासातून दिले. त्यातील विचार साधा आहे. बसच्या प्रवासात प्रवासी पैशाबरोबर आपला वेळही घालत असतो. गाड्या वाढल्या की प्रत्येकाचा वाट पाहण्याचा वेळ घटतो, त्यामुळे प्रवासी वाढतात, त्यामुळे आणखी गाड्या परवडतात. हे चक्र उलटेही फिरते. तासाला सहा बस असलेल्या मार्गावर दोनच ठेवल्या, तर सरासरी वाट पाहणे पाच मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर जाते. ज्याला शक्य आहे तो हप्त्यावर दुचाकी घेतो, ज्याला शक्य नाही तो शेअर रिक्षात कोंबून बसतो, आणि उरलेल्या दोन बस अर्ध्या रिकाम्या धावू लागतात. मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून त्याही बंद होतात. सोलापूरकरांना हे चक्र पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

भाडे हेही रिकामेपणाचे एक कारण. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या ‘बेस्ट’ने किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. मार्च २०२३ पासून राज्य सरकारने एस.टी.त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली, तेव्हाही गाड्या भरल्या. त्याच रस्त्यावर, त्याच इंजिनाने, जवळपास तेवढ्याच डिझेलमध्ये अधिक माणसे गेली. ऊर्जेची एवढी मोठी बचत कोणत्याही नव्या यंत्राने झाली नसती. तरीही या निर्णयांना ‘खैरात’ म्हणणारे अग्रलेख निघतात, आणि लिटरला पाव किलोमीटर वाढवणाऱ्या उपकरणाला ‘नवोन्मेष’ म्हणतात! ‘बेस्ट’चे किमान भाडे मे २०२५ मध्ये पुन्हा दुप्पट, म्हणजे दहा रुपये झाले. त्याचा ऊर्जेवर काय परिणाम होईल, हे निर्णय घेणाऱ्यांनी आधी जनतेपुढे मांडायला हवे होते. परंतु तोटा मोजण्याची सवय असलेल्यांना लिटर मोजण्याची सवय नसते.

कारण तोटाही एकाच वहीत मोजला जातो. परिवहन उपक्रमाची तूट महापालिकेच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसते आणि सर्वसाधारण सभेत तिच्यावर भाषणे होतात. आता दुसरी वही उघडा. समजा, शहरातील केवळ एक लाख दुचाकी रोज दहा किलोमीटर धावतात. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर रोज वीस हजार लिटर पेट्रोल झाले. लिटरला शंभर रुपये धरले तरी वीस लाख रुपये, आणि वर्षाच्या तीनशे दिवसांचे साठ कोटी. ही रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात नाही, कारण ती एक लाख घरांच्या खिशांतून रोज वीस-वीस रुपयांनी जाते. बस बंद करून महापालिकेने तूट वाचवली असे म्हणतात. वस्तुतः तिने ती तूट घरोघर वाटून दिली, आणि वाटताना वाढवून दिली.

विजेची बस आणि फताटेवाडीची चिमणी

आता विजेच्या बसचे पर्व आले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. देशभरातील शहरांसाठी दहा हजार बसगाड्या असे तिचे स्वरूप. सोलापूरच्याही वाट्याला त्यांतील गाड्या मंजूर झाल्या. या गाड्यांना आपला विरोध असण्याचे कारण नाही. शहराच्या रस्त्यावर धूर नाही, आयात तेलावर अवलंबून राहणे नाही, हे लाभ खरे आहेत आणि त्या धुरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या हातगाडीवाल्याला ते सर्वांत अधिक मिळतात. परंतु ‘शून्य प्रदूषण’ आणि ‘तिप्पट कार्यक्षमता’ अशा ज्या घोषणा गाडीच्या पाठीवर रंगवल्या जातात, त्यांचा हिशेब तपासलाच पाहिजे.

मोठी विजेची बस किलोमीटरला साधारण एक ते सव्वा युनिट वीज घेते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे लिटरला चार किलोमीटर जाणारी बस किलोमीटरला अडीच युनिटे खाते. चाकापाशी मोजले तर विजेची बस दुपटीहून अधिक सरस दिसते. पण ते युनिट कोठून आले? सोलापूरच्या उंबऱ्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी–आहेरवाडी परिसरात एन.टी.पी.सी.चे १,३२० मेगावॉटचे वीजकेंद्र उभे आहे आणि ते कोळशावर चालते. कोळशाच्या उष्णतेपैकी ३५ ते ४० टक्के भागच विजेत उतरतो; तारांतून नेताना आणि बॅटरीत भरताना आणखी गळती होते. म्हणजे बसला एक ते सव्वा युनिट मिळावे म्हणून बॉयलरमध्ये साधारण तीन ते चार युनिटांचा कोळसा जाळावा लागतो. खाणीपासून मोजले, तर निव्वळ कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या बसची आघाडी उरत नाही. वीजजाळ्यात सूर्याची, वाऱ्याची, पाण्याची वीज जितकी वाढेल, तितकी ती आघाडी परत येईल, हेही तितकेच खरे. तात्पर्य, मोजणी कोठून सुरू केली यावर उत्तर अवलंबून आहे. आणि चाकापासून मोजणी सुरू करणे म्हणजे शहरातील धूर खेड्यातील शेतावर नेऊन सोडणे आणि त्याला शून्य म्हणणे होय.

याहून महत्त्वाची गोष्ट कंत्राटात दडलेली आहे. या योजनेत गाडी खाजगी कंत्राटदाराने चालवायची आणि त्याला पैसे मिळायचे ते धावलेल्या किलोमीटरवर. केंद्राचे साहाय्यही मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यम बसला २२ आणि लहान बसला २० रुपये असे किलोमीटरवरच ठरलेले आहे. रिकाम्या गाडीचे माप येथे थेट बिलाचे माप झाले. किलोमीटर पुरे करणे यात कंत्राटदाराचे हित. प्रत्येक किलोमीटरला पैसे मोजावे लागतात म्हणून फेऱ्या कमी करणे यात महापालिकेचे हित. आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचे हित पाहणारा या करारात कोणीच नाही. गाडी डिझेलची असो वा विजेची, दहा माणसांना घेऊन धावणारी गाडी उधळपट्टीच करते. इंजिन बदलले, पण हिशेबाची रीत तीच राहिली.

कुंभारीचा धडा

मग प्रवासी-किलोमीटर हे माप स्वीकारले की काम भागले काय? नाही. हे माप पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे आहे, पण त्यातही एक खोट आहे, आणि ती सोलापुराइतकी स्पष्ट क्वचित कोठे दिसेल.

हे शहर मूळचे पायी चालणाऱ्यांचे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून येथील गिरण्या आणि त्यांच्या चाळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर वाढल्या. भोंगा ऐकून माणूस घरातून निघे आणि पाळीला हजर होई. ज्याचे घर थोडे दूर, तो सायकलने येई. सायकलस्वाराइतकी कमी ऊर्जा घेऊन तेवढे अंतर कापणारा दुसरा प्राणी किंवा दुसरे यंत्र नाही, हे एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले. गिरण्या गेल्या. यंत्रमाग अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीकडे सरकले, आणि शहरातील जमिनीचा भाव कामगाराच्या आवाक्याबाहेर गेला. अशा स्थितीत कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार भगिनींनी झगडून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरे २००६ साली उभी केली. त्याच परिसरात तीस हजार घरांचे रे नगर आकारास आले आणि त्यांतील पंधरा हजार घरांचे १९ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पण झाले. श्रमजीवींनी स्वतःच्या संघटनेच्या बळावर मिळवलेला हा विजय देशात तोडीचा नाही, आणि त्याचे मोल कोणत्याही हिशेबाने कमी होत नाही.

परंतु कुंभारी शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. स्वस्त जमीन तेथे मिळाली, कारण शहरातील जमीन बाजाराच्या ताब्यात होती. घराची किंमत सरकारने आणि कामगारांनी मिळून भरली. अंतराची किंमत मात्र एकट्या कामगारावर पडली. यंत्रमागावर जाणारा नवरा, महाविद्यालयात जाणारी मुलगी, सिव्हिल हॉस्पिटलला न्यावी लागणारी सासू, यांपैकी प्रत्येकाला ती रोज भरावी लागते.

आता प्रवासी-किलोमीटरच्या मापाने दोन बायकांचा हिशेब करू. एक शहरात राहते. ती अर्ध्या भरलेल्या बसने तीन किलोमीटर जाते. पंचवीस प्रवासी आणि लिटरला चार किलोमीटर धरले, तर ही बस लिटरला १०० प्रवासी-किलोमीटर देते आणि या बाईच्या वाट्याला ३० मिलिलिटर डिझेल येते. दुसरी बारा किलोमीटरवरून पन्नास प्रवाशांच्या गच्च बसने उभी राहून येते. तिची बस लिटरला १८० प्रवासी-किलोमीटर देते, आणि तिच्या वाट्याला ६७ मिलिलिटर येतात. माप सांगते, दुसरी बस ८० टक्के अधिक कार्यक्षम. वास्तव सांगते, तेच काम करायला दुसरीला दुपटीहून अधिक इंधन, कितीतरी अधिक वेळ आणि अधिक भाडे लागले. आणि जी बाई आपल्या गल्लीतच कामावर पायी जाते, तिची या मापात नोंदच नाही. ती शहराची सर्वांत कार्यक्षम नागरिक असूनही हिशेबात शून्य. जिने भाडे परवडत नाही म्हणून दवाखान्यात जाणेच टाळले, तीही शून्य. तिच्या न जाण्याने वाचलेले डिझेल कोणी बचत म्हणून लिहिले, तर ती बचत नव्हे, लूट होय.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी आयुष्यभर हेच सांगितले, की ऊर्जा हे साध्य नसून साधन आहे. किती ऊर्जा वापरली यापेक्षा तिच्यातून कोणाची कोणती गरज भागली, हे मोजले पाहिजे. वाहतुकीत गरज किलोमीटरची नसते. कोणालाही किलोमीटर नको असतात. काम, औषध, शाळा, बाजार हवा असतो. म्हणून माप हवे ते असे: एका कुटुंबाच्या आवश्यक कामांसाठी, खाणीपासून मोजून, किती ऊर्जा खर्च झाली, आणि किती कामे होऊ शकली नाहीत. ऊर्जा वरच्या ओळीत असेल, तर खालच्या ओळीत, छेदस्थानी, माणूस हवा. गाडी नव्हे, किलोमीटरही नव्हे.

नुसत्या यंत्रसुधारणेवर विसंबून कसे चालत नाही, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ सालीच कोळशाच्या बाबतीत ओळखले होते: यंत्र काटकसरी झाले की त्याचा वापर वाढतो आणि एकूण कोळसा अधिकच जळतो. आपल्याकडे १९८५ नंतर अ‍ॅव्हरेज उत्तम देणाऱ्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकली आल्या. त्यांनी पेट्रोलचा एकूण खप कमी केला नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने करून घेतलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील पेट्रोलपैकी ६० टक्क्यांहून अधिक दुचाकींत जळत असल्याचे आढळले. प्रत्येक गाडी काटकसरी आणि एकूण शहर उधळे, असे हे चित्र आहे. याचा दोष दुचाकी घेणाऱ्या कामगाराला देणे अन्यायाचे होईल. बस काढून घेतल्यावर त्याला दुसरे काही ठेवलेच नव्हते.

सवलत कोणाला?

सरकारजवळ सवलतीसाठी पैसा नाही, हे म्हणणेही तपासून घ्यावे. ‘उडान’ योजनेत प्रादेशिक विमानतळांवर भरल्या जाणाऱ्या विमान-इंधनावर राज्यांनी मूल्यवर्धित कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवावा, अशी अट आहे. शिवाय रिकाम्या आसनांची झळ कंपनीला लागू नये म्हणून व्यवहार्यता-तूट निधी दिला जातो. महाराष्ट्रात डिझेलवरचा मूल्यवर्धित कर वीस टक्क्यांहून अधिक आहे, आणि कामगारांना नेणारी बस तेच डिझेल भरते. विमानातील आसन रिकामे राहिले तर ती ‘व्यवहार्यतेतील तूट’ आणि सरकारने ती भरायची. बसमधील आसन रिकामे राहिले तर तो ‘तोटा’ आणि मार्ग बंद करायचा! शब्दांच्या या निवडीतच वर्ग दिसतो. विमान नको असे आपण म्हणत नाही. विमानाला लावलेली माया बसला का लावत नाही, एवढेच विचारतो.

आपण काय मागावे, काय करावे

केवळ टीका करून थांबणे आपल्या परंपरेला शोभणार नाही. महापालिकेकडे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, प्रत्येक मार्गाचा मासिक ताळेबंद प्रसिद्ध व्हावा: इंधन किंवा वीज किती, फेऱ्या ठरलेल्या किती व झालेल्या किती, प्रवासी किती आणि ते सरासरी किती अंतर गेले. वाहकाच्या तिकीट-यंत्रात यातील बहुतेक माहिती रोज जमा होते. ती दडवण्याचे कारण नाही. दुसरी, विजेच्या बसचा हिशेब वीजकेंद्रापासून व्हावा आणि चार्जिंगसाठी महापालिकेने स्वतःच्या इमारतींच्या छपरांवर सूर्याची वीज निर्माण करावी. तिसरी, कंत्राटदाराचे बिल केवळ किलोमीटरवर निघू नये. चुकवलेल्या थांब्याला आणि रद्द केलेल्या फेरीला दंड असावा, आणि तो प्रवाशांच्या तक्रारीवर बसावा. चौथी, चालकाचे मूल्यमापन ‘केपीटीएल’वरून होणे बंद व्हावे. पाचवी, शहराबाहेर कामगारांची वसाहत मंजूर करताना तिच्या रहिवाशांच्या रोजच्या प्रवासाला किती ऊर्जा, किती पैसा, किती वेळ लागेल याचा हिशेब घरांच्या आराखड्याबरोबरच मांडला जावा, आणि बसचा खर्च घराच्या खर्चाचाच भाग मानला जावा. सहावी, सार्वजनिक बसच्या इंधनावरील कर विमानाच्या इंधनाइतका खाली यावा.

आणि एक काम आपले स्वतःचे आहे. विडी घरकुल, नई जिंदगी, शेळगी, कुंभारी या वस्त्यांत कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन चार प्रश्न विचारावेत: घरातील कोण, कशासाठी, कसे जाते, त्याला किती वेळ लागतो, किती पैसे पडतात, आणि गेल्या महिन्यात भाडे किंवा गाडी नाही म्हणून कोणते काम राहून गेले. चौथा प्रश्न विसरू नये. तो कोणत्याही सल्लागार कंपनीच्या पाहणीत नसतो. शंभर घरांची अशी वही तयार झाली, तर ती सर्वसाधारण सभेत कोणत्याही रंगीत आराखड्यासमोर टिकेल, कारण तिच्यात मोजणी कोणाच्या बाजूने केली आहे हे लपवलेले नसेल.

विज्ञान निःपक्षपाती असते, पण काय मोजायचे हे ठरवणारी माणसे तशी नसतात. आजवर ते ठरवण्याचा अधिकार आपण दुसऱ्यांना बहाल केला आणि त्यांनी ठरवलेल्या उत्तराविरुद्ध रस्त्यावर भांडत राहिलो. यापुढे भांडण प्रश्नापासूनच सुरू व्हावे. महापालिका जेव्हा सांगेल की अमुक बस लिटरला इतके किलोमीटर जाते, तेव्हा सभागृहाच्या सज्जातून एकच प्रश्न यायला हवा: कोणाला घेऊन?